काका, पहिली गोळी हवेत मारायची ना? (कॅशव्हॅन आणि बँकेवरच्या गनमॅनसाठी)

सातारी_हवालदार

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला एका पोराचा फोन आला. पोर म्हणजे तसा छत्तिशीचा. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन आलाय, पण फौजेत ड्रायव्हर ट्रेडला होता, त्यामुळे गोळी वर्षातून एकदा रेंजवर चालवली असेल तेवढीच. कॅशव्हॅनवर गनमॅन म्हणून लागून त्याला तीन आठवडे झाले होते. म्हणाला, "काका, कोणी अंगावर आलंच तर पहिली गोळी हवेत मारायची ना?"

हा प्रश्न मला आजवर पंधरावीस जणांनी विचारला असेल. त्या रात्री त्याच्याशी तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकट्याला सांगून भागणार नाही. म्हणून इथे लिहितोय. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, नऊ वर्षं कॅशव्हॅनवर काढली आणि आता गार्ड लोकांना शिकवतो. चुकलं तर सांगा.

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. हवेत मारायची नाही. एटीएमच्या खोलीत वर छत असतं, बाजारात वर गॅलऱ्या असतात आणि गॅलरीत कोणाची तरी आई कपडे वाळत घालत असते. शिवाय आपल्या डबल बॅरल, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीत दोनच काडतुसं. एक आभाळाला दिलं की हातात उरतं एक. गोळी सुटली की ती कुठे जाऊन थांबली याचा जाब तुम्हालाच द्यायचा असतो, आभाळाला नाही.

पण मुळात प्रश्नच उशिराचा आहे. गोळीपर्यंत वेळ आली याचा अर्थ त्याआधीच्या चारपाच संधी हातच्या गेल्या. मला त्या संधींबद्दल बोलायचंय.

गाडी थांबली की पहिल्या दहा सेकंदांत काय बघायचं? लोक चेहरे बघतात. चेहऱ्यावरून काही कळत नाही. हात बघा. ज्याचे दोन्ही हात दिसतात त्याच्याकडे एक नजर पुरे. ज्याचा एक हात शर्टाखाली, पिशवीत, गाडीच्या डिकीत किंवा उन्हाळ्यात जर्किनच्या खिशात आहे, त्याच्यावर नजर ठेवा. मग पाय बघा. एटीएमला आलेला माणूस दाराकडे पाय करून उभा असतो. तुमच्यावर टपलेला माणूस तुमच्याकडे नाही तर रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघतो, कारण त्याला पळायचंय. आणि मोटरसायकल: इंजिन चालू, मागचा उतरलेला, पुढच्याचं हेल्मेट डोक्यावरच. हे तिन्ही एकत्र दिसले तर कस्टोडियनला (रोकड सांभाळणाऱ्या, एटीएममध्ये भरणाऱ्या कर्मचाऱ्याला) पेटी बाहेर काढू देऊ नका. कारण नंतर सांगा.

दुसरं अंतर. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांतले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये एक साधा हिशेब मांडला: चाकू घेतलेला धडधाकट माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे साडेसहा मीटरच्या आत-बाहेर. ते लोक कमरेच्या पिस्तुलाबद्दल बोलत होते. आपली बारा बोरची बंदूक पाठीवर तिरकी अडकवलेली असते, ती काढून खांद्याला लावायला माझ्या शिकाऊ गार्डना तीन-चार सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. म्हणजे आपल्यासाठी ते अंतर दुप्पट धरा. याचा अर्थ 21 फुटांच्या आत आलेल्यावर गोळी झाडा असा मुळीच नाही, बरेच जण तसा उलटा अर्थ काढतात. अर्थ इतकाच की अंतर आधीच राखा. मध्ये गाडी ठेवा, खांब ठेवा, एटीएमची पायरी ठेवा. आणि स्लिंग (बंदुकीचा पट्टा) पाठीवर नको, बंदूक छातीसमोर, नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर.

तिसरं आड. व्हॅनचं दार ही आड नव्हे, तो पत्रा आहे. लपायला पत्रा पुरतो, गोळी अडवायला पुरत नाही. इंजिनाचा भाग आणि चाक ही खरी आड. सिमेंटचा कॉलम त्याहून बरा. प्रत्येक थांब्यावर उतरण्याआधी मनात एक जागा ठरवून ठेवा: काही झालं तर मी तिथे. रूट रोजचाच असतो, त्यामुळे हे महिनाभरात पाठ होतं.

आता माझी चूक सांगतो, कारण सगळं शहाणपण तिथून आलंय.

2016 चा उन्हाळा, सोलापूर जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. सकाळपासून एक काळी मोटरसायकल मला दिसत होती. पहिल्या एटीएमपाशी पानटपरीजवळ. दुसऱ्या ठिकाणी रस्त्यापलीकडे. तिसऱ्या ठिकाणी आमच्या आधी येऊन उभी. मी तीनदा बघितली आणि तीनदा स्वतःची समजूत घातली. बाजाराचा दिवस आहे, असेल कोणाचं काम. कस्टोडियनला सांगावं असं वाटलं, पण आदल्या आठवड्यात मी असाच एका टेम्पोवरून रूट थांबवला होता. तो निघाला बर्फाचा टेम्पो. त्यावरून सुपरवायझर दोन दिवस बोलत होता. म्हणून मी गप्प बसलो.

तिसऱ्या एटीएमवर एक जण माझ्याशी हुज्जत घालायला लागला, मशीन कधी चालू होणार म्हणून. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरा गाडीच्या मागून आला आणि त्यानं सरळ माझ्या बंदुकीच्या पट्ट्याला हात घातला. आम्ही ओढाओढ केली, दोघंही पडलो, माझा उजवा खांदा निखळला. ड्रायव्हरनं हूटर दाबला, लोक जमले, ते दोघं पळाले. पैसे गेले नाहीत. कंपनीत माझं कौतुक झालं. मला मात्र त्या कौतुकाची आजही लाज वाटते, कारण मला सकाळी नऊ वाजताच कळलं होतं आणि मी बोललो नाही.

नजर जवळजवळ सगळ्यांची चांगली असते, फौजेतून आलेल्यांची तर असतेच. भीड नडते. हसतील, साहेब ओरडेल, रूटला उशीर होईल, बिचारा साधा माणूस असेल. भीड भिकेची बहीण म्हणतात, आपल्या धंद्यात ती त्याहूनही महाग पडते. म्हणून मी शिकवताना पहिला दिवस बंदुकीला हात लावू देत नाही. पहिला दिवस फक्त मोठ्यानं बोलायचं: "दादा, हात दाखवा." "ताई, पाच मिनिटं बाहेर थांबा." "पेटी आत. गाडीत बसा." चाळिशीतली माणसं लाजतात हो, आवाज फुटत नाही.

बाकी नियमांचं वगैरे विचारलंत तर लिहीन.

---

शाखा_सांभाळणारी

काका, फार उपयोगी लिहिलंत. मी एका तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी आहे. आमच्याकडे एक गनमॅन आहेत, माजी सैनिक, अतिशय सज्जन. पण खरं सांगायचं तर ते दिवसभर स्लिपा भरून देतात, म्हाताऱ्यांचं पासबुक छापून आणतात, दुपारी चहाही सांगून येतात. लोकांना त्यांचा आधार वाटतो. बंदूक खुर्चीला टेकवलेली असते. हे चूक आहे हे कळतं, पण त्यांना "हे करू नका" सांगितलं तर लोक नाराज होतील. काय करावं?

सातारी_हवालदार

ताई, तुम्ही विचारलंत हेच मोठं. स्लिप भरताना माणसाची मान खाली असते, दोन्ही हात गुंतलेले असतात आणि समोरचा अर्ध्या फुटावर असतो. मी वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी गेल्या. स्लिपांसाठी दुसऱ्या कोणाला तरी बसवा.

खुर्ची कुठे आहे बघा. बहुतेक बँकांत ती दाराला लागून असते, म्हणजे आत येणारा माणूस गार्डला दिसायच्या आधी त्याच्या अंगावर असतो. खुर्ची आत घ्या, पाठ भिंतीला, दार आणि कॅश काउंटर दोन्ही दिसतील असा कोपरा. काचेच्या दारातून बाहेरचा रस्ता दिसला तर उत्तम, दारावरची कर्जमेळ्याची पोस्टरं काढून टाका. आणि एक शब्द ठरवा. साधा, रोजच्या बोलण्यातला, पण एरवी तुमच्या शाखेत कोणी वापरत नाही असा. गार्डनं तो मोठ्यानं म्हटला की कॅशियरनं ड्रॉवर बंद करायचा, कारण विचारायचं नाही. दहा वेळा उगीच झालं तरी दहाही वेळा त्यांना "बरं केलंत" म्हणा. तुमच्या त्या एका वाक्यावर त्यांची भीड मोडेल.

---

कोल्हापुरी_वकील

धागा वाचनखूण म्हणून साठवला. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण गनमॅन मंडळींमध्ये दोन टोकाचे गैरसमज आहेत. काहींना वाटतं कॅश वाचवायला काहीही करता येतं. काहींना वाटतं गोळी झाडली की जन्मठेप ठरलेलीच.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खासगी बचावाचा हक्क तिच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे (जुन्या भारतीय दंड संहितेत 96 ते 106). गनमॅनला हा हक्क गणवेशामुळे मिळत नाही. तुम्हाआम्हाला जो आहे तोच त्याला आहे, पोलिसांसारखे वेगळे अधिकार नाहीत.

कलम 37 ही वेस आहे. बचावापुरती गरज असेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम 38 शरीराच्या बचावाबद्दल आहे, मृत्यू किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. कलम 41 मालमत्तेबद्दल आहे आणि त्यात जबरी चोरी येते. साधी चोरी मात्र तेवढ्यावरच येत नाही, तिच्यासोबत मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कलम 43 मुळे. जबरी चोरीच्या विरुद्धचा हक्क कधीपर्यंत चालतो? चोर इजा करतोय, करू पाहतोय, अडवून ठेवतोय किंवा तत्काळ मृत्यूची, दुखापतीची, अडवणुकीची भीती टिकून आहे तोपर्यंत. पेटी घेऊन तो पाठमोरा पळायला लागला आणि तुम्हाला भीती उरली नाही, तर त्या पाठीवर झाडलेल्या गोळीचं समर्थन करणं कोर्टात फार अवघड जातं. गाडीचा नंबर घ्या, दिशा बघा, 112 ला फोन करा.

दुसऱ्या बाजूनं दिलासा असा की दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. धोका प्रत्यक्षात होता की नाही यापेक्षा त्या क्षणी त्या माणसाला रास्त भीती वाटली का हे बघायचं, आणि अंगावर हल्ला होत असताना त्यानं पायरीपायरीनं हिशेब मांडून बचाव करावा अशी अपेक्षा धरायची नाही. पण सूड म्हणून हा हक्क नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

म्हणून हवालदारसाहेबांचं "दादा, हात दाखवा" हे वाक्य कायद्याच्या अंगानंही मोलाचं आहे. मोठ्यानं दिलेला इशारा आजूबाजूचे लोक ऐकतात, आणि उद्या तेच साक्षीदार असतात.

सातारी_हवालदार

वकीलसाहेब, हे मी छापून वर्गात लावणार आहे. कलम 44 बद्दलही दोन ओळी लिहाल का? गर्दीचं.

कोल्हापुरी_वकील

जीवघेणा हल्ला होत असेल आणि निरपराध माणसाला धोका पत्करल्याशिवाय बचाव करणं शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्यापर्यंत हक्क जातो. वाचायला मोठं वाटतं. पण "शक्यच नसेल" हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं, आणि मागे आड होती, बाजूला व्हायला जागा होती हे कॅमेऱ्यात दिसलं तर ते कठीण होतं. या कलमाच्या भरवशावर गर्दीत बंदूक उचलू नये.

---

रोखठोक

राग मानू नका, पण मला हे सगळं वाचून वाईट वाटतंय. मीही चार वर्षं व्हॅनवर होतो. हातात तेरा हजार यायचे. बारा तासांची ड्यूटी, रिलीव्हर आला नाही की चोवीस. दुसऱ्याच्या कोटीभर रुपयांसाठी मी का मरायचं? पैशाचा विमा असतो. माझा एकच सल्ला: बंदूक दाखवली की पेटी देऊन टाका.

सातारी_हवालदार

राग कशाचा? तुमचं अर्धं म्हणणं मी वर्गात स्वतः सांगतो. समोरच्याचं हत्यार आधीच तुमच्यावर रोखलेलं असेल आणि तुमची बंदूक खाली असेल, तर उचलायला जाऊ नका. त्याच्या बोटाला अर्धा सेकंद पुरतो. हात दाखवा, पेटी जाऊ द्या. नोटा पुन्हा छापता येतात.

पण तो पेटी घेऊन थांबेलच याची खात्री नसते. 16 जानेवारी 2025 ला बिदरमध्ये काय झालं आठवा. आपल्या उदगीरपासून कितीसं लांब आहे? दिवसाढवळ्या, मोटरसायकलवर दोघं, एटीएमसाठी रोकड काढताना डोळ्यांत मिरचीची पूड टाकली आणि गोळ्या घातल्या. एक कर्मचारी गेला, एक जखमी झाला. पुरेशी सशस्त्र सुरक्षा सोबत नव्हती हे तेव्हाच बातम्यांत आलं होतं. त्या पोरांना "देऊन टाका" म्हणायची सवडच मिळाली नाही. मी अंतरावर एवढा जोर देतो तो यासाठी. मिरचीची पूड पाच मीटरवरून डोळ्यांत जात नाही, जवळ येऊ दिलं तरच जाते.

आणि 19 नोव्हेंबर 2025 ला बेंगळुरूत 7 कोटी 11 लाख गेले, तिथे तर आधी धावपळही नव्हती. रिझर्व्ह बँकेचे अधिकारी आहोत, तपासणी करायचीय, असं सांगून गाडी अडवली. ओळखपत्र बघायचा, कंट्रोल रूमला फोन लावायचा हक्क त्या कर्मचाऱ्यांना होता. पण समोर "साहेब" आला की आपली मान खाली जाते. पुन्हा भीडच. त्यांना मी दोष देत नाही, मीही त्या जागी कदाचित दार उघडलं असतं. म्हणून आता शिकवतो: कोणीही साहेब असो, रस्त्यात दार उघडायचं नाही. "साहेब, जवळच्या पोलीस ठाण्यात चला, तिथे उघडतो." खरा अधिकारी याला कधीच नाही म्हणणार नाही.

रोखठोक

हे पटलं. आमच्या व्हॅनवर कागदावर दोन गनमॅन असायचे, प्रत्यक्षात मी एकटा. दुसऱ्याची सही मीच करायचो. सांगितलं होतं तसं करायला.

सातारी_हवालदार

ही सही करू नका, इथे वाचणाऱ्या कोणीच करू नका. काही घडलं तर ती सही तुमच्या गळ्यात येते.

केंद्रीय गृह मंत्रालयाचे रोकड वाहतुकीचे नियम 2018 मध्ये आले. गाडीत चालक, दोन सशस्त्र गार्ड आणि दोन कस्टोडियन. एक गार्ड पुढे चालकाशेजारी, एक मागे. एका फेरीत 5 कोटींच्या वर रोकड नाही. शहरात रात्री 9 नंतर, ग्रामीण भागात संध्याकाळी 6 नंतर आणि नक्षलग्रस्त भागात दुपारी 4 नंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. आमच्या गडचिरोलीकडच्या पोरांना हा शेवटचा आकडा पाठ असायला हवा. आणि मला सगळ्यात आवडलेली ओळ: भरणा असो, चहा असो, जेवण असो, लघवीला जायचं असो, एक सशस्त्र गार्ड कायम गाडीपाशी. ज्यानं ती लिहिली त्याला रस्त्यावरची नोकरी ठाऊक असणार.

आता दोन गनमॅन का? एक पेटीबरोबर चालतो, दुसरा पेटीकडे पाठ करून उभा राहतो. हे पाठ करून उभं राहणं लोकांना जमत नाही, पैसे जिकडे तिकडेच मान वळते. पैशाकडे बघायला कस्टोडियन आहे. तुमचं काम उलट्या दिशेला. आणि दोघांनी एका रेषेत उभं राहायचं नाही, एकमेकांच्या नळीसमोर तर कधीच नाही. एकच गनमॅन असेल तर हे काहीच होत नाही.

---

खडकीचा_जुना

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. आपल्या गनमॅनच्या पट्ट्यात जी शक्तिमान काडतुसं असतात ती तिथलीच. एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बँकेत गेलो की माझी नजर पट्ट्याकडे जाते आणि जीव हळहळतो. पितळी बूड हिरवं पडलेलं, तोंडाकडची घडी सुटलेली. माणूस तीच दोन-चार काडतुसं वर्षानुवर्षं मिरवतो, पावसात, घामात. अशी काडतुसं नळीत नीट बसत नाहीत, कधी फुटत नाहीत, कधी वापरल्यावर निघत नाहीत. दर पावसाळ्यानंतर एकेक काढून कोरड्या फडक्यानं पुसा, नळीत सहज सरकतंय का बघा (बंदूक सुरक्षित दिशेला, बोट बाहेर). शंका आली तर बदला. बदलायला पैसे लागतात हे ठाऊक आहे, ते कंपनीकडे मागा.

दुसरं, एलजी काडतूस म्हणजे मोजकेच पण मोठे छर्रे. जवळून ते एकगठ्ठा जातात, लांब गेले की पसरतात. ढोबळ हिशेब असा की दर वाराला इंचभर पसारा. वीस वारावर दीड-दोन फुटांचं वर्तुळ झालं. बाजारपेठेत त्या वर्तुळात चोर एकटा नसतो. नेम चोरावर धरला तरी त्यातले दोन छर्रे शेजारच्या दुकानात जाणार, हे धरूनच चाला.

सातारी_हवालदार

खडकीकर काका, दंडवत. बुडाचा हिरवा रंग मी रोज बघतो, त्यामागचं कारण तुमच्याकडून कळलं.

---

बे_एरियातला_पुणेकर

इकडचं सांगतो, तुलनेसाठी. माझा शेजारी कॅलिफोर्नियात सशस्त्र गार्ड आहे. गार्डच्या परवान्याशिवाय बंदुकीचा परवाना वेगळा. त्यासाठी 14 तासांचं प्रशिक्षण, त्यात वर्ग आणि रेंज दोन्ही. आणि मुख्य म्हणजे परवाना दोन वर्षांचा, नूतनीकरणासाठी त्या काळात चारदा रेंजवर जाऊन पात्रता दाखवावी लागते, वर्षाला दोनदा. तो म्हणतो, नेमबाजीपेक्षा "कधी झाडायची नाही" यावर जास्त वेळ जातो. आपल्याकडे असं काही आहे का?

सातारी_हवालदार

2005 च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना 40 आणि 16. खासगी बचावाचा हक्क अभ्यासक्रमात आहे. कागद वाईट नाही. पण मी नऊ वर्षांत कंपनीच्या खर्चानं एकदाही रेंजवर गेलो नाही. परवाना माझा, बंदूक माझी, काडतुसं माझ्या पैशाची, मग सरावासाठी दहा काडतुसं कोण जाळणार? तुमच्या शेजाऱ्याचा वर्षाला दोनदाचा नियम इकडे आला तर मी पेढे वाटीन.

तोवर बिनगोळीचा सराव करा. बंदूक दोनदा तपासून रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि भिंतीकडे तोंड करून रोज वीस वेळा छातीवरून खांद्यावर. पैसा लागत नाही, तीन सेकंदांचा दीड सेकंद होतो. आणि बंदुकीला कोणी हात घातला तर माझ्यासारखी ओढाओढ करू नका. बंदूक अंगाशी घ्या, कोपर बरगडीला दाबा, पुढे पाऊल टाकून सगळं अंग फिरवा आणि ओरडा. समोरच्याच्या मनगटात तेवढं बळ नसतं, तुमच्या कमरेत असतं.

---

गनमॅनची_लेक

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा एका बँकेवर गनमॅन आहेत, 58 वर्षांचे. दिवसाची ड्यूटी करून कधीकधी रात्रीच्या एटीएमवरही थांबतात, माझ्या धाकट्या भावाच्या फीसाठी. हल्ली त्यांना संध्याकाळी दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. त्यांनी कंपनीत सांगितलेलं नाही, काढून टाकतील म्हणून. काका, तुम्ही त्यांच्याच वयाचे असाल. काय सांगू मी त्यांना?

मुंबई_लोकल

ताई, ऑपरेशन आधी करून घ्या, बाकी सगळं नंतर. थकव्याबद्दलही सांगते. 31 जुलै 2023 ला जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायानं आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. मी त्याच मार्गावरून रोज जाते, आठवडाभर झोप लागली नव्हती. तुमच्या बाबांची गोष्ट अगदी वेगळी आहे, त्या माणसाशी तुलना करत नाहीये. पण तेव्हापासून मला वाटतं, ज्याच्या हाती बंदूक दिली त्याची झोप झालीय का, तो बरा आहे का, हे रोज कोणीतरी विचारायला हवं. आपण विचारतच नाही.

सातारी_हवालदार

पोरी, मी तुझ्या बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, आणि माझ्याही उजव्या डोळ्याचं मागच्या वर्षी झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी घरी येतो. बाबा माजी सैनिक असतील तर इसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल, नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जिल्हा रुग्णालयातही ही ऑपरेशनं होतात.

पण ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांनी बंदूक घेऊन उभं राहू नये. संध्याकाळच्या उजेडात मोबाइल काढणारा हात आणि पिस्तूल काढणारा हात यातला फरक त्या डोळ्यांना दिसणार नाही. चुकून एखाद्या पोरावर नळी रोखली गेली तर बाबा त्यातून कधी बाहेर येणार नाहीत, मी त्यांना न बघता सांगतो. रात्रीची एटीएम ड्यूटी तर आजच बंद. तू मला संदेश पाठव. त्यांच्याशी मी बोलतो. लेकीचं ऐकायला बापाला जड जातं, दुसऱ्या हवालदाराचं ऐकतील.

---

मुंबई_लोकल

हवालदारकाका, भीडेवरचं तुमचं म्हणणं वाचून सीएसएमटीचे विष्णू झेंडे आठवले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते उद्घोषणा कक्षात होते. हातात बंदूक नव्हती, फक्त माइक. खाली काय चाललंय ते काचेतून बघत ते लोकांना पुन्हापुन्हा सांगत राहिले की मागच्या बाजूनं, एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडा. स्वतः तिथेच थांबले. किती माणसं त्या आवाजामुळे वाचली असतील.

सातारी_हवालदार

माझ्या पहिल्या दिवसाच्या वर्गात हेच उदाहरण असतं. बघितलं आणि लगेच बोलले. आधी त्यांना स्फोट झालाय असं वाटलं होतं, पण नक्की काय आहे ते कळेपर्यंत ते थांबले नाहीत. लोकांना कुठून जायचं ते सांगितलं. धोका ओळखणं म्हणजे धोक्याचं नाव ओळखणं नव्हे. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं की माणसं बाजूला काढायला सुरुवात करायची.

---

शाखा_सांभाळणारी

तीन आठवड्यांनी लिहितेय. खुर्ची हलवली. पोस्टरं काढली. स्लिपांसाठी एका शिकाऊ मुलीला बसवलंय, म्हाताऱ्या आज्या दोन दिवस रुसल्या, आता तिच्याशी गप्पा मारतात.

शब्द ठरवला. काय ते लिहीत नाही. मागच्या मंगळवारी आमच्या गनमॅनकाकांनी तो पहिल्यांदा उच्चारला. हेल्मेट घातलेले दोघं आत आले होते, एक काउंटरकडे आणि एक दारातच थांबलेला. कॅशियरनं ड्रॉवर लावला. काका जागेवरून म्हणाले, "दादा, हेल्मेट काढा आणि हात दिसू द्या." दोघांनी काढली. ऊसतोडीचे पैसे काढायला आलेले मुकादम होते, आमचेच खातेदार. हसले, म्हणाले बरं झालं, पैसे सुरक्षित आहेत.

काका नंतर माझ्या केबिनमध्ये आले, घाम पुसत. म्हणाले, "मॅडम, सॉरी, उगीच झालं." मी तुम्ही सांगितलं होतं तसंच म्हटलं, बरं केलंत. ते जरा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, दाराजवळचा दिवा गेलाय, संध्याकाळी हात नीट दिसत नाहीत, तेवढा बसवून घ्या. गेले सहा महिने तो दिवा बंद होता. आज बसवला.